मध्ययुगीन धार्मिक चित्रांतली आणि ग्रंथांतली वावटळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावटळ म्हणजे इथे नेमकं काय धरायचं? चक्रीवादळ पण त्यातच येतं का?

आधी शब्दाचाच घोळ मिटवू. बायबलच्या हिब्रूत यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात, सेआरा आणि सूफा, आणि दोन्हींचा अर्थ जोराचं वादळ, ते गोल फिरतंच असं काही नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने लॅटिन भाषांतर केलं, ज्याला व्हल्गेट म्हणतात, त्यात त्याने ठिकठिकाणी 'तुर्बो' घातला आणि तिथून हे वादळ गरगर फिरायला लागलं, कारण लॅटिनमध्ये तुर्बो म्हणजे दोरी गुंडाळून फिरवायचा भोवरा पण. आपल्याकडे पण भोवरा म्हणजे खेळणं, पाण्यातला भोवरा आणि डोक्यावरच्या केसांतला भोवरा, म्हणजे गोल फिरणारं सगळं एका शब्दात, तसंच. टर्बाइन आणि गाडीचा टर्बो हे त्याच शब्दाचे नातू.

मराठी बायबलात वावटळ हाच शब्द आहे. पण मे महिन्यात शाळेच्या मैदानावर कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन नाचते ती वावटळ डोळ्यासमोर आणू नका, इथली वावटळ माणूस उचलून नेते. समुद्रावरून येणारं चक्रीवादळ मात्र सोडून द्या, ते आकाराने इतकं मोठं असतं की खालून बघणाऱ्याला त्याचा गोल दिसतच नाही.

मध्ययुग म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

ढोबळ ५०० ते १५००. मी थोडं मागेपुढे होणार आहे, चालवून घ्या.

बायबलात वावटळ कुठे कुठे येते?

बऱ्याच ठिकाणी, पण चित्रकारांच्या कामाच्या जागा तीनच. एलीया संदेष्टा वावटळीतून स्वर्गात जातो (२ राजे, अध्याय २), देव ईयोबाशी वावटळीतून बोलतो (ईयोब ३८) आणि यहेज्केलाला उत्तरेकडून तुफान येताना दिसतं (यहेज्केल १). होशेयाचं वारा पेरून वावटळ कापण्याचं वाक्य खूप फेमस आहे, पण ती म्हण झाली, तिचं चित्र काय काढणार.

एलीया वावटळीतून गेला ना? मग प्रत्येक चित्रात तो रथात का बसलेला असतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि खरं सांगायचं तर मला या विषयाची गोडी इथूनच लागली. मूळ मजकूर नीट वाचला तर असं आहे की एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा बोलत चाललेत, मधेच अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येतात आणि दोघांना वेगळं करतात, आणि एलीया वावटळीतून वर जातो. म्हणजे रथाचं काम फक्त गुरु-शिष्यांच्या मधे घुसण्याचं, उचलण्याचं काम वावटळीचं. तो रथात चढला असं तिथे कुठेच लिहिलेलं नाहीये.

मग रथ कसा जिंकला? एक तर ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, त्यात या जागी वावटळ नाहीच, 'सुसेइस्मोस' असा शब्द आहे म्हणजे हादरा किंवा थरथराट, आता हादऱ्यातून वर जाणारा माणूस कसा रंगवायचा सांगा. दुसरं, सीराखच्या पुस्तकात (काही पंथांच्याच बायबलात असणारं जुनं पुस्तक, अध्याय ४८) वावटळ आणि रथ एकाच ओळीत आलेत, अग्नीच्या वावटळीत, अग्नीच्या घोड्यांच्या रथात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एक झालं. आणि तिसरं कारण एकदम प्रॅक्टिकल आहे, रोममधल्या कारागिरांकडे चार घोड्यांचा रथ हाकणाऱ्या सूर्यदेवाचं डिझाइन तयारच होतं. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवर कोरलेला एलीया बघा, सूर्यदेवाचीच पोझ, फक्त मागे हात करून अलीशाला अंगरखा देतोय.

आणि त्यावर धर्मशास्त्राचा शिक्का मारला पोप ग्रेगरीने, सहाव्या शतकाच्या शेवटी. येशूच्या स्वर्गारोहणावरच्या प्रवचनात तो म्हणतो की एलीया माणूस होता म्हणून त्याला वर जायला रथ लागला, ख्रिस्त स्वतःच्या सामर्थ्याने गेला, त्याला ना रथ ना देवदूत. एकदा असा हिशोब मांडला की एलीयाच्या चित्रात वाहन दिसलंच पाहिजे, नाहीतर तुलना कशी होणार. व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठात निकोलस ऑफ व्हर्दूनने ११८१ मध्ये पुऱ्या केलेल्या मीनाकामाच्या पॅनल्समध्ये हीच तुलना एकाखाली एक लावून दाखवलीय, हनोख (बायबलात देवाने जिवंतपणीच नेलेला आणखी एक माणूस), ख्रिस्त आणि एलीया, तिघं वर चाललेत.

म्हणजे चित्रांत वावटळ दिसतच नाही?

दिसते, पण वाऱ्यात नाही, कपड्यात बघायची. विंचेस्टर बायबल म्हणून बाराव्या शतकातलं प्रचंड मोठं हस्तलिखित आहे, त्यातल्या २ राजे पुस्तकाच्या पहिल्या, मोठ्या सजवलेल्या अक्षरात एलीयाची गोष्ट रंगवली आहे, आणि ज्या चित्रकाराने ते डिझाइन केलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही म्हणून अभ्यासकांनी त्याला उड्या मारणाऱ्या आकृत्यांचा उस्ताद असं नाव ठेवलंय. त्याची माणसं कधी शांत उभीच राहत नाहीत, कपडे अंगाला चिकटलेले आणि पदर कुठल्या कुठे उडालेले. वाऱ्याची एक रेघ न काढता वारा दाखवायचा असेल तर असा.

दुसरी जागा म्हणजे रशियन आयकॉन, पूजेसाठी रंगवलेली संतांची चित्रं. एलीयाचं अग्निमय आरोहण हा तिथला अतिशय लाडका विषय, नोव्हगोरोड वगैरे भागात तर फारच, आणि त्यात रथाभोवती लालभडक ढगाचा गोल असतो, रथ, घोडे, संदेष्टा सगळं त्या गोलाच्या पोटात. तो ढग आहे, आग आहे का वावटळ आहे, तिन्ही म्हणा. तिकडे लोकांच्या मनात एलीया म्हणजे गडगडाट करणारा, पाऊस आणणारा संत, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या 'पेरून' नावाच्या गडगडाटाच्या देवाची गादी त्याने घेतली असं म्हणतात.

देव ईयोबाशी वावटळीतूनच का बोलतो? आणि ते रंगवलं कसं?

ईयोबाचं सगळं गेलेलं आहे, मुलं, गुरंढोरं, तब्येत, आणि तो पस्तीसएक अध्याय देवाला जाब विचारतोय. मग ३८व्या अध्यायात देव वावटळीतून उत्तर देतो, आणि उत्तर कसलं, उलट प्रश्नांचा भडिमार, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास इथपासून सुरुवात. ग्रेगरीने ईयोबावर ३५ भागांचं भाष्य लिहिलंय, मोरालिया, मध्ययुगात ते मठामठात वाचलं जायचं, त्यात या वावटळीबद्दल एक वाक्य आहे ते मला फार आवडतं: तो जर धडधाकट सुखरूप माणसाशी बोलत असता तर वावटळीतून बोलला असं लिहिलं नसतं, पण फटके खाल्लेल्याशी बोलतोय म्हणून वावटळीतून बोलला असं लिहिलंय. बाकी मोरालिया लांबलचक आहे, शब्दाशब्दाचे तीन तीन अर्थ, पण हे वाक्य कुठल्याही दवाखान्याच्या कॉरिडॉरमधे बसून वाचलं तरी लागू पडेल.

चित्रांत मात्र निराशा होते. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेत ईयोबाची सचित्र हस्तलिखितं चांगली भरपूर आहेत, व्हॅटिकनमधे, पॅटमॉस बेटावर, सिनाईच्या मठात, आणि देव बोलतो ते दाखवायची ठरलेली पद्धत म्हणजे वरच्या कोपऱ्यात आकाशाचा निळा अर्धगोल आणि त्यातून आलेला हात. झालं. वावटळ त्या हाताच्या मागे आहे असं समजून घ्यायचं.

माझ्या मते ईयोबाच्या पुस्तकात खरी वावटळ पहिल्याच अध्यायात आहे. रानातून मोठा वारा आला आणि घराच्या चारी कोपऱ्यांवर आदळला, मुलं आत मेली. चारी कोपऱ्यांना एकदम धडकणारा वारा सरळ कसा असेल, तो फिरणाराच असला पाहिजे. म्हणजे जिने घर पाडलं आणि जिच्यातून देव बोलला त्या दोन्ही वावटळीच, एक सुरुवातीला आणि एक शेवटाकडे. ती पहिली चित्रकारांना जमायची, कारण कोसळणारं घर आणि छतावर सैतान काढता येतो.

इंटरनेटवर ईयोब आणि वावटळीतल्या देवाचं भारी चित्र फिरतं, दाढीवाला देव गोल फिरणाऱ्या रेषांमधे. ते मध्ययुगीन ना?

नाही हो. ते विल्यम ब्लेक या इंग्लिश कवी-चित्रकाराचं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातलं. इटालियन कवी दांतेच्या नरकातल्या (तो पुढे येतोच) प्रेमी जिवांना गुंडाळून नेणारा तो मोठा गोल झोत पण ब्लेकचाच, १८२४ नंतरचा. आणि काळ्या-पांढऱ्या, ढगाळ, एकदम ड्रामॅटिक प्रिंट्स दिसल्या तर त्या बहुतेक फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेच्या, १८६१. या दोघांनी वावटळ इतकी जबरदस्त काढली की लोकांना वाटतं जुनी चित्रं अशीच असणार.

यहेज्केलाच्या दर्शनात वावटळ असते ती लोक विसरून का जातात?

कारण पुढे जे येतं ते इतकं अचाट आहे की सुरुवातीचा वारा कोण लक्षात ठेवतो. उत्तरेकडून तुफानी वारा, मोठा ढग, आग, आणि त्यातून चार तोंडांचे चार प्राणी, माणूस, सिंह, बैल, गरुड, शिवाय चाकांत चाकं आणि त्या चाकांना डोळेच डोळे. चार तोंडं पुढे चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांची चिन्हं झाली, ८०० च्या आसपासच्या बुक ऑफ केल्स या हस्तलिखितात तीच आहेत, युरोपातल्या कितीतरी चर्चच्या दारांवर तीच. वारा गाळला गेला. तरी मला वाटतं की गोल फिरण्याचं काम चाकांनी उचललं, चाकात चाक अडकवलेलं चित्र पाहिलं की डोळा आपोआप फिरायला लागतो.

उत्तर दिशेचं पण एक आहे. बायबलातला यिर्मया संदेष्टा म्हणतो संकट उत्तरेकडून येईल, यशया संदेष्टा म्हणतो गर्विष्ठाने उत्तरेला आसन मांडायचं ठरवलं होतं, त्यामुळे मध्ययुगात उत्तर ही सैतानाची दिशा मानली जायची. मग देवाचं दर्शन नेमकं तिकडूनच कसं आलं यावर भाष्यकारांनी भरपूर शाई घालवलीय, जेरोमने तर तो वारा म्हणजे सरळ बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर म्हणून टाकलं.

मग साधा वारा तरी कसा काढायचे?

तोंडाने. गाल फुगवून फुंकणारं डोकं, ही रोमन-ग्रीक काळापासूनची युक्ती. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात चार देवदूत पृथ्वीचे चार वारे धरून ठेवतात, ते आठव्या शतकातल्या स्पॅनिश भिक्षू बेआतुसने त्या पुस्तकावर लिहिलेल्या भाष्याच्या हस्तलिखितांत पिवळ्या-लाल भडक पट्ट्यांवर दिसतात, एकदम कॉमिक्ससारखे. जगाच्या नकाशांच्या कडेला पण हीच डोकी.

सगळ्यात वेगळं काम बिंगेनच्या हिल्डेगार्डचं (१०९८ ते ११७९). जर्मन मठातली ही बाई, तिला दर्शनं व्हायची आणि ती लिहून घ्यायची. तिच्या स्किवियास ग्रंथात, जो ११४१ ते ११५१ असा दहा वर्षं चालला, विश्व अंड्याच्या आकाराचं आहे, बाहेर तेजस्वी आग, तिच्या आत काळोखी आग, आणि त्या थरांतून झोत निघतो 'त्याच्या वावटळींसकट', असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. म्हणजे वावटळ विश्वाच्या बांधणीतच बसवलेली आहे, अधूनमधून येणारं संकट म्हणून नाही. तिच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथाचं इटलीत लुक्का इथे तेराव्या शतकातलं सचित्र हस्तलिखित आहे, त्यात वारे फुंकायला बिबट्या, लांडगा, सिंह, अस्वल अशी जनावरांची डोकी. स्किवियासचं मूळ सचित्र हस्तलिखित १९४५ मधे युद्धाच्या गडबडीत हरवलं ते हरवलंच. नशीब एवढंच की त्याआधी, १९२७ ते १९३३ मधे, आयबिंगेन मठातल्या नन्सनी त्याची हाताने रंगवलेली नक्कल करून ठेवली होती, आज आपण जी रंगीत चित्रं बघतो ती या नकलेतली.

दांतेच्या नरकात वावटळ आहे म्हणतात, ती कुठे?

एक नाही, तीन ठिकाणी आहे. सगळ्यांना माहीत असते ती इन्फेर्नोच्या (दांतेच्या काव्याचा नरकाचा भाग) पाचव्या सर्गातली, कामवासनेच्या पाप्यांना कायमचं फिरवत, आपटत ठेवणारी. दांते तिला 'बुफेरा इन्फेर्नाल' म्हणतो, कधीच न थांबणारी. जगताना वासनेच्या वाऱ्यावर वाहवले, आता वारा वाहवतोय. क्लिओपात्रा, हेलन, दीदो, त्रिस्तान सगळे आहेत, आधी साळुंक्यांच्या भावकीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यासारखे, मग क्रौंचांच्या रांगेसारखे, आणि मग पाओलो आणि फ्रान्चेस्का, चोरून प्रेम करणारे दीर-भावजय, दोघं एकत्र येतात ते घरट्याकडे झेपावणाऱ्या कबुतरांसारखे. तीन पक्ष्यांत त्याने वाऱ्याचे तीन वेग दाखवलेत. फ्रान्चेस्का बोलायला लागते तेव्हा वारा जरा गप्प होतो. तिची गोष्ट ऐकून दांते बेशुद्ध पडतो, आणि त्याने तिला नरकात टाकलंय स्वतःच, हे लक्षात ठेवा.

दुसरी तिसऱ्या सर्गात, नरकाच्या उंबरठ्यावर, जे ना बरे ना वाईट, कुठलीच बाजू न घेतलेले, त्यांचा आरडाओरडा हवेत वावटळीत फिरणाऱ्या वाळूसारखा फिरतो. आणि तिसरी, माझी आवडती, २६व्या सर्गात. ग्रीक दर्यावर्दी वीर युलिसिस सांगतो की लांबवर डोंगर दिसला, आम्ही खूश झालो, तेवढ्यात त्या नव्या जमिनीकडून एक 'तुर्बो' उठला, जहाज तीनदा पाण्यासकट गरगर फिरवलं आणि चौथ्यांदा नाक खाली करून बुडवलं, 'दुसऱ्या कुणाला तरी बरं वाटलं तसं'. देवाचं नावही घेत नाही. दांते १३२१ मधे वारला, पुढच्या दीडशे वर्षांत याची कितीतरी सचित्र हस्तलिखितं झाली आणि पाचव्या सर्गात बहुतेकांनी हवेत तरंगणारे उघडे जीव काढले, वारा काढायचा प्रयत्न फार कमी जणांनी केला.

वावटळीत भूत असतं असं आमच्याकडे म्हणतात. युरोपात पण होतं का असलं काही?

होतं की, आणि चर्चच्या पुस्तकांतून. पौलाच्या नावावरच्या इफिसकरांच्या पत्रात सैतानाला अंतराळातला अधिपती म्हटलंय, त्यामुळे हवा म्हणजे भुतांचा इलाका असं पक्कं बसलं. तेराव्या शतकात दुरांदुस नावाच्या बिशपने पूजाविधींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात वादळ आलं की चर्चच्या घंटा का वाजवायच्या तर भुतं पळून जावीत म्हणून, असं स्पष्ट दिलंय.

पण सगळेच धर्मगुरू असले नव्हते. फ्रान्समधल्या लियों शहरातला धर्मगुरू अगोबार्द, ८१५ च्या सुमाराला, वैतागून लिहितो की लोक म्हणतात जादूगार मंत्राने वारं उठवतात, आणि मागोनिया नावाच्या देशातून ढगांत जहाजं येतात आणि गारपिटीत झडलेलं धान्य विकत घेऊन जातात! एकदा लोकांनी तीन पुरुष आणि एक बाई साखळ्यांत बांधून आणले, हे ढगातल्या जहाजातून पडले म्हणून, दगडांनी मारायला. अगोबार्दने वाद घालून त्यांना सोडवलं. बाराशे वर्षांपूर्वीचा अंधश्रद्धा निर्मूलनवाला म्हणा.

खरीखुरी वावटळ आल्याची नोंद आहे का कुठे?

आहे. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमधे ७९३ सालाखाली लिहिलंय की उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात भयंकर वावटळी उठल्या, विजा कडाडल्या, आकाशात आगीचे ड्रॅगन उडाले, मग दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी व्हायकिंग लोकांनी लिंडिसफार्नचं चर्च लुटलं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे सगळं एकाच माळेतलं, वावटळ म्हणजे आगाऊ नोटीस.

दुसरी नोंद ऑक्टोबर १०९१ ची, लंडन. सेंट मेरी-ले-बो चर्चचं छप्पर उडालं आणि २६ फुटी वासे जमिनीत इतके खोल रुतले की जेमतेम ४ फूट वर दिसत होते. इथे ड्रॅगन नाही, मोजमाप आहे. कुणीतरी जाऊन खरंच मोजलं असणार.

शास्त्र काही माहीत होतं का त्यांना?

थोडंफार. स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर (मृत्यू ६३६) म्हणतो तुर्बो हा शब्द 'तेर्रा' म्हणजे जमीन यावरून आला, कारण वारा उठला की माती गोल फिरवतो. व्युत्पत्ती साफ चुकीची पण निरीक्षण बरोबर, धूळ नसेल तर वावटळ दिसतच नाही. अॅरिस्टॉटलचं हवामानावरचं पुस्तक बाराव्या शतकापासून लॅटिनमधे यायला लागलं, मग ढगातून निसटणारा वारा अडकून फिरतो वगैरे चर्चा विद्यापीठांत सुरू झाल्या. चित्रांवर त्याचा फरक पडलेला मला तरी दिसला नाही.

आपल्याकडे तृणावर्त आहेच की, त्याचं काय?

बरोबर, आणि काळ पण जुळतो, भागवत पुराण साधारण नवव्या-दहाव्या शतकातलं मानतात. दहाव्या स्कंधाच्या सातव्या अध्यायात कंसाने पाठवलेला तृणावर्त चक्रवाताचं रूप घेऊन गोकुळात येतो, धुळीने कुणाला काही दिसेना होतं आणि तो तान्ह्या कृष्णाला घेऊन वर जातो. त्याआधी यशोदेला मांडीवरचं बाळ एकदम डोंगरासारखं जड लागतं म्हणून ती त्याला खाली ठेवते, ही आईची बारीक गोष्ट सांगणाऱ्याने सोडली नाहीये. वर गेल्यावर कृष्ण त्याचा गळा आवळतो, राक्षस दगडावर पडून मरतो.

लघुचित्रांत अडचण तीच झाली जी तिकडे झाली, वाऱ्याला अंग पाहिजे. मग चित्रकार त्याला शिंगं, सुळे, हातपाय असलेला राक्षस करतात आणि धूळ जमलीच तर मागे करड्या फटकाऱ्यात. तिकडे वावटळ देवाची, इकडे राक्षसाची, एवढा मोठा फरक असूनही दोन्हीकडच्या चित्रकारांनी तिला चेहरा देऊनच सुटका करून घेतली.

इस्लाममधे?

कुराणात दुसऱ्या अध्यायात (सुरा) आग घेऊन येणारी वावटळ आहे, 'इअसार', बहरलेली बाग जाळून जाणारी, दिखाव्यासाठी दान करणाऱ्याची उपमा म्हणून. आणि हूद पैगंबराचं न ऐकणारे आद लोक सात रात्री आठ दिवस चाललेल्या वाऱ्याने मेले, उन्मळलेल्या खजुराच्या पोकळ खोडांसारखे पडले होते. अरबीत धुळीच्या वावटळीला झौबआ म्हणतात आणि तेच एका जिनाचं नाव पण आहे.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कुठे?

बरीचशी हस्तलिखितं ऑनलाइन आहेत, व्हॅटिकनची तर घरबसल्या पानन् पान झूम करता येतात. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मधे सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांचे स्कॅन बरेच महिने बंदच होते, म्हणून आवडलेलं पान सेव्ह करून ठेवायची सवय लावा.

युरोप टूरला जाणार असाल आणि रोममधे अर्धा दिवस मोकळा मिळाला तर आव्हेन्तिन टेकडीवरच्या सांता सबीना चर्चला जा. पाचव्या शतकातलं लाकडी दार आहे, मूळच्या २८ पैकी १८ कोरीव फळ्या शिल्लक, त्यातल्या एकीवर एलीया चाललाय वर आणि देवदूत त्याला काठीने वर घेतोय. टूरवाले तिथे थांबवत नाहीत, विचारून बघा. दार मोठं आहे, उजेड कमी असतो आणि फळ्या काळवंडल्यात, सकाळी गेलात तर बरं.